पंच जाळीवर काय बघतो?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन केला तेव्हा मला विषय दिला होता 'आयटी क्षेत्रातील संधी'. मी म्हटलं, त्यावर बोलू शकतील असे दहाजण तरी या सभागृहातच बसलेले असतील, आणि शाळेतल्या मुलांना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. मला व्हॉलीबॉलच्या पंचांबद्दल बोलायचं आहे. फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग पलीकडून आवाज आला, "वीस मिनिटं." म्हणून घड्याळ समोर ठेवूनच उभी आहे.

ज्यांना मी आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी १९९७ ची दहावीची. शाळेच्या मुलींच्या संघात लिफ्टर होते. पुढे इंजिनिअरिंग केलं, आणि आता नागपूरला सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चूक कुठे आहे, ती का झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हे शोधण्याचा मला पगार मिळतो. काही वर्षांपूर्वी पंचांची परीक्षा दिली. तेव्हापासून शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या सुटीत मी शिट्टी घेऊन आपल्या जिल्ह्यात फिरते. घरचे म्हणतात, आठवडाभर चुका शोधतेस, सुटीच्या दिवशी तरी थांब.

आपण खेळत होतो तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता. १ मे १९९९ ला तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे आपली 'जिल्हा स्पर्धा' म्हणजे भंडाऱ्याला जाणं. पहाटे निघायचं आणि पोरींनी गाडीत पोहे खायचे. आता तालुक्याला जिंकलेला संघ गोंदियाला खेळतो, मग नागपूर विभाग, मग राज्य. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव इथल्या मुलींना गोंदियासुद्धा जवळ नाही, पण भंडाऱ्यापेक्षा बरं.

आणखी एक गोष्ट बदलली आहे आणि ती माझ्या विषयाच्या मुळाशी आहे. आपल्या वेळी गुण त्याच संघाला मिळायचा ज्याच्याकडे सर्व्हिस होती. पंचांनी चुकीची शिट्टी मारली तरी बहुतेक वेळा आपली सर्व्हिस जायची, गुण जात नसे. पुढच्या रॅलीत ती परत मिळवता यायची. १९९८ नंतर रॅली पॉइंट पद्धत आली. प्रत्येक रॅलीला कुणाला तरी गुण. २५ चा सेट, शेवटचा निर्णायक सेट १५ चा. म्हणजे आज पंचाची प्रत्येक चुकीची शिट्टी थेट फलकावर जाते. खेळ वेगवान झाला, बघायला छान झाला, पण चुकीला सामावून घेणारी ती जुनी गादी निघून गेली. पंच मात्र आपल्याकडे तसेच तयार होतात जसे तेव्हा व्हायचे. शाळेतल्या खेळाच्या सरांच्या हातात कुणीतरी शिट्टी देतं आणि म्हणतं, सर, तुम्हीच घ्या आता.

वाद होतात ते बहुतेक नेटवर. बॉल रेषेच्या आत पडला की बाहेर, हे धुळीवरच्या खुणेवरून तरी कळतं. नेटवरची गोष्ट हवेत घडते आणि खूण न ठेवता संपते. एकाच क्षणी तिथे काय काय चाललेलं असतं ते बघा. मारणारीचा हात नेटच्या वर आहे. समोरच्या दोघींचे चार हात ब्लॉकला उठलेत, कदाचित पलीकडे झुकलेत. तो बॉल त्यांच्या बोटांना घासून बाहेर गेला की तसाच गेला? कुणाचं कोपर नेटला लागलं का? खाली उतरताना कुणाचा पाय मधली रेष पूर्ण ओलांडून गेला का? बॉल अँटिनाच्या आतून आला की वरून? सहा प्रश्न, आणि वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत.

अर्धा सेकंद हा आकडा हवेतला नाही. शाळेतली चांगली मारणारी मुलगी ताशी ६० किलोमीटरच्या आसपास बॉल मारते असं धरू. म्हणजे सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर. नेटपासून मागची रेष ९ मीटर. बॉल अर्ध्या सेकंदात जमिनीवर. आता आपला डोळा घ्या. एका जागेवरून दुसऱ्या जागी नजर न्यायची तर मेंदूनं ठरवायला आणि डोळ्यानं वळायला मिळून जवळपास पाव सेकंद लागतो, आणि प्रत्यक्ष वळत असताना आपल्याला नीटसं काही दिसत नाही. म्हणजे बॉलच्या मागे नजर गेली, बॉल पडलेला बघितला आणि मग नेटकडे वळलो, तर नेटवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. उरतं काय? हलणारं नेट, आणि मुलींचे चेहरे. त्यावरून पंच निकाल देतो. प्रामाणिकपणे देतो, पण तो बघितलेला निकाल नसतो. मागून अंदाजानं काढलेला असतो.

ज्यांनी हे नियम केले त्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दोन पंच ठेवले. पहिले पंच उंच स्टँडवर, त्यांचे डोळे नेटच्या वरच्या कडेपेक्षा साधारण ५० सेंटिमीटर वर. दुसरे पंच समोरच्या खांबाजवळ, जमिनीवर. कामाची वाटणीही केलेली आहे. नेटच्या वरचा भाग आणि मारणाऱ्या बाजूचा नेटला स्पर्श मुख्यतः पहिल्यांनी बघायचा. ब्लॉक करणाऱ्या बाजूचा स्पर्श आणि नेटखालून पलीकडे जाणारे पाय दुसऱ्यांनी. म्हणजे दुसऱ्या पंचांनी मारलेल्या बॉलकडे बघायचंच नाही! हे त्या खुर्चीचं सगळ्यात अवघड काम आहे. अख्खं मैदान बॉलकडे बघतंय, ओरडतंय, आणि तुम्ही मात्र रिकाम्या झालेल्या नेटकडे टक लावून बसलात.

आपल्याकडे काय होतं? तालुक्याच्या स्पर्धेत बहुतेक वेळा पंच एकच. स्टँड नसतो, म्हणून वर्गातला बाक. बाकावर उभं राहून एक हात खांबाला धरलेला, कारण बाक डुगडुगतो. दुसरे पंच म्हणून जे असतात ते स्कोरही लिहितात आणि पाण्याचा ड्रमही बघतात. मला पहिल्यांदा एका ठिकाणी बोलावलं तेव्हा आल्याबरोबर वही हातात दिली होती. "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं असेल." माझं अक्षर कसं आहे ते आमचे मराठीचे सर इथे पुढच्या रांगेत बसलेत, ते सांगतील.

गावातल्या स्पर्धा तर आणखी वेगळ्या. धान कापून झालं, मंडईचे दिवस आले की आपल्या भागात व्हॉलीबॉलला ऊत येतो. बांधीची माती दाबून मैदान, दोन बांबू, रेषा चुन्याच्या किंवा राइस मिलमधून आणलेल्या राखेच्या. तिकडे दंडारीची तयारी, इकडे हॅलोजनखाली सामना. देवरी-सालेकसाच्या बाजूला पोलीस दलही तरुणांसाठी व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरवतं, आणि त्या सामन्यांना जी गर्दी होते ती शहरातल्या स्पर्धेलाही होत नाही. मला हे सगळं फार आवडतं. पण तिसऱ्या सामन्यापर्यंत मधली पाच सेंटिमीटरची रेष पायांनी पुसून गेलेली असते, आणि पंचानं निर्णय द्यायचा असतो की पाय पूर्ण पलीकडे गेला का. नियम असा आहे की पावलाचा थोडासा भाग रेषेवर किंवा रेषेच्या बरोबर वर राहिला आणि समोरच्याच्या खेळात अडथळा आला नाही, तर फाऊल नाही. रेषच नाही तर काय बघणार?

माझ्या कामातली एक सवय मी इथे वापरली. प्रोग्राम चुकला की आधी माणसाला बोलायचं नाही, आधी बघायचं की चूक कुठल्या परिस्थितीत होते. दोन हंगाम मी वही ठेवली. नेटवरच्या चुकीच्या शिट्ट्यांत एकच प्रकार पुन्हा पुन्हा येत होता. मारलेला बॉल नेटमध्ये जातो, नेट ताणून पलीकडच्या ब्लॉकरच्या हाताला लागतं, आणि शिट्टी वाजते ब्लॉकरच्या विरुद्ध. नियमाप्रमाणे हे फाऊल नाहीच. बॉलनं नेट ढकललं म्हणून ते खेळाडूला लागलं, तर त्यात खेळाडूचा दोष नाही.

हा प्रकार मी प्रेक्षकांत बसून पाहिला आहे आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही. सतरा वर्षांखालील मुलींचा सामना, निर्णायक सेट, १४-१३. मागे असलेला संघ दूरच्या गावातला. सहाच्या सहा मुली उन्हात काळ्या पडलेल्या, दोघींच्या पायात बूट नव्हते. पुढे असलेल्या संघाच्या मुलीनं जोरात मारलं, बॉल थेट नेटमध्ये, तिच्याच बाजूला खाली पडला. १४-१४ व्हायला हवं होतं. नेट फुगून ब्लॉकरच्या मनगटाला लागलं. शिट्टी. नेट टच. सामना संपला. ती मुलगी पंचांच्या बाकाखाली येऊन एवढंच म्हणाली, "मी नाही लावली जी हात. जाळीच आली माझ्यावर."

तिला नियमाचा क्रमांक माहीत नव्हता. नियम मात्र तिनं शब्दशः सांगितला. पंच सर सकाळपासून सहावा सामना घेत होते, एकटे. सज्जन माणूस. त्यांनी नेट हललेलं आणि हाताला लागलेलं पाहिलं, त्याआधीचं पाहिलं नव्हतं. बॉलच्या मागे गेलेली नजर परत येईपर्यंत तेवढंच शिल्लक होतं. मुली निघून गेल्या, त्यांची जीप थांबली होती.

तुम्ही म्हणाल, खेळ आहे, हरजीत चालायचीच. आपल्यासाठी ते खरं होतं. आपल्याला हरल्यावर परीक्षा होती, कॉलेज होतं. पण आपल्या राज्यात खेळाडू मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात ते स्पर्धेच्या पातळीवरून. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, तिथेही आधी विचारतात की कुठपर्यंत खेळलात. दूरच्या गावातली मुलगी खेळात पुढे जाते आहे याचा घरच्यांना पुरावा कोणता? तालुक्याच्या बाहेर जाऊन खेळून आल्याचं प्रमाणपत्र. ते मिळालं तर पुढच्या वर्षी पुन्हा पाठवतात. नाही मिळालं तर रोवणीच्या दिवसांत सरावाला कोण सोडणार? एक शिट्टी कुठपर्यंत जाते हे बाकावर उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी दिसत नाही, आणि दिसूही नये. नाहीतर त्याचा हातच थरथरेल.

मग करायचं काय? मोठ्या स्पर्धांत कॅमेरे आले आहेत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये संघांना निर्णयाला आव्हान देता येत होतं, नेटचा स्पर्श, ब्लॉकच्या बोटाचा स्पर्श, सगळं पडद्यावर बघून ठरत होतं. आपल्याकडे २०२२ मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली, ती टीव्हीवर पाहिलेली मुलं आता गावातल्या सामन्यातही हातानं चौकोन काढून 'रिव्ह्यू, रिव्ह्यू' ओरडतात. पंच हसतात. तेवढे कॅमेरे आणि तेवढी माणसं तालुक्याच्या सामन्याला कधी मिळणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला ती तिथे नकोही आहेत. प्रत्येक गुणाला सामना थांबला तर अंधार पडायच्या आत चार सामनेसुद्धा होणार नाहीत. कॅमेरा सामन्यात वापरायचा नाही. तो पंचांना शिकवायला वापरायचा.

पंचाचं शिकणं इतर कामांपेक्षा वेगळं आणि अवघड का आहे, याचा मी बराच विचार केला. सुतारानं चुकीचं कापलं तर फळी बसत नाही, त्याला लगेच कळतं. आमच्याकडे प्रोग्राम बंद पडतो. पंचाला त्याची चूक कळतच नाही. आरडाओरड होते, पण ती बरोबर निर्णयालाही होते आणि चूक निर्णयालाही. वीस वर्षं पंचगिरी केलेल्या माणसानं वीस वर्षं परीक्षा दिली, पण उत्तरपत्रिका एकदाही परत मिळाली नाही. असा अनुभव माणसाला ठाम करतो, अचूक करेलच असं नाही.

म्हणून मागच्या दिवाळीत आम्ही काहीजणांनी एक साधा प्रयोग केला. तीन मोबाइल घेतले. एक खांबाला, नेटच्या वरच्या पट्टीच्या उंचीवर, नेटच्या सरळ रेषेत बघणारा. एक खाली जमिनीलगत, मधल्या रेषेवर रोखलेला. तिसरा पंचांच्या जागेवरून, त्यांना जे दिसतं तेच टिपणारा. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात. ६० च्या वेगाचा बॉल दोन चित्रांमध्ये अर्ध्या मीटरहून जास्त पुढे जातो, म्हणजे बोटाला लागल्याचा क्षण चित्रात सापडेलच असं नाही. स्लो मोशनला सेकंदाला २४० चित्रं घेतली तर तेच अंतर ७ सेंटिमीटरवर येतं. तेवढं पुरतं. मात्र हे दिवसाउजेडी करा. रात्री दिव्यांखाली स्लो मोशन लुकलुकतं आणि डोकं दुखतं, हे आम्ही भोगलं आहे.

अशा चाळीसेक क्लिपा काढल्या आणि एका रविवारी शाळेच्या खोलीत प्रोजेक्टर लावून खेळाच्या शिक्षकांना बोलावलं. नियम एकच ठेवला. क्लिप आधी खऱ्या वेगानं, एकदाच, पंचाच्या जागेवरून. लगेच कागदावर लिहायचं. मग बाजूच्या मोबाइलची सावकाश क्लिप दाखवून उत्तर. हा क्रम मोडायचा नाही. आधीच सावकाश दाखवलं तर सगळेच हुशार होतात, आणि मैदानावर सावकाश कुणी खेळत नाही.

कागदावर तीन पर्याय दिले होते. फाऊल, फाऊल नाही, आणि 'दिसलं नाही'. पहिल्या फेरीत तिसरा रकाना जवळजवळ कोरा! प्रत्येकानं प्रत्येक क्लिपवर ठाम मत दिलं होतं, आणि एकाच क्लिपवर खोलीत दोन तट पडत होते. दोन्हीकडचे तितकेच ठाम. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "पंचानं दिसलं नाही म्हटलं तर त्याला पंच कशाला ठेवायचं?" मला वाटतं, सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. आमच्या कामात चुका दोन प्रकारच्या मोजतात. बिघाड होता आणि सापडला नाही, ही एक. बिघाड नव्हताच आणि आम्ही आहे म्हणून सांगितलं, ही दुसरी. पंचांच्याही त्याच दोन. नेटला लागलेलं सुटलं तर एक रॅली पुढे चालू राहते, दोन्ही संघांना ती जिंकण्याची संधी राहते. न लागलेलं लागलं म्हटलं तर रॅली तिथेच मरते आणि गुण दिला जातो. दोन्ही चुकाच, पण सारख्या नाहीत. म्हणून जे दिसलं नाही त्याची शिट्टी नाही. शंका आली तर समोरच्या दुसऱ्या पंचांकडे एक नजर, त्यांनी हातानं छोटीशी खूण केली तर ठीक, नाहीतर खेळ चालू.

यावर एका मॅडमनी विचारलं की मग पोरी मुद्दाम नेट धरून खेळतील ना? प्रश्न बरोबर होता. उत्तर असं की 'दिसलं नाही' हे म्हणत बसायचं नाही, दिसावं म्हणून नजर कुठे ठेवायची ते शिकायचं. दुसऱ्या फेरीत आम्ही तेवढंच केलं. लिफ्टरनं बॉल वर दिला की बॉल सोडून द्यायचा. तो कुठे जाणार हे आपल्याला माहीत आहे, तो तिथे जाईल. नजर आधीच ब्लॉकरच्या हातांवर नेऊन ठेवायची. मारल्याचा आवाज आला की मनात 'एक' म्हणायचं आणि त्या एकपर्यंत नजर हलवायची नाही. मग तीच नजर ब्लॉकरबरोबर खाली, पाय टेकेपर्यंत. कारण उडी, मारणं आणि नीट खाली उतरणं हे सगळं मिळून एकच कृती धरली जाते, आणि त्या कृतीत दोन अँटिनांच्या मधल्या नेटला लागलं तर फाऊल. आपल्या वेळी शिकवलेलं 'नुसतं बोट लागलं तरी फाऊल' हे आता तसं राहिलेलं नाही. बॉलशी संबंध नसलेली मुलगी चालताना नेटला घासली आणि कुणाला त्रास झाला नाही, तर खेळ थांबवायचं कारण नाही. वेणी नेटला लागली म्हणून मी एकदा शिट्टी ऐकली आहे! वेणी अडकून बसली, समोरच्या बाजूच्या खेळात अडथळा आला, तर गोष्ट वेगळी. नुसती घासली तर सोडून द्या हो. लांब केसांच्या मुलींनी खेळायचंच नाही का?

नेट वाचायचंही शिकता येतं, हे माझं स्वतःचं निरीक्षण, पुस्तकातलं नाही. बॉल लागला तर नेट मध्येच फुगतं आणि फुगा परत येतो. वरच्या पांढऱ्या पट्टीला हात लागला तर पट्टीला तिथे खळगा पडतो आणि लाट दोन्ही बाजूंना पळते. खाली पोटाचा किंवा गुडघ्याचा धक्का लागला तर वरची पट्टी जवळजवळ स्थिर आणि खालची कडा झुलते. मात्र हे नेट ताणलेलं असेल तरच. सैल नेटला सगळे धक्के सारखेच दिसतात. म्हणून मी मैदानावर गेल्यावर पहिली मुलांना कामाला लावते. दोरी ओढा. मग मोजमाप. मुलींसाठी मध्यभागी २.२४ मीटर, मुलांना २.४३, लहान गटांना त्याहून कमी. दोन्ही टोकं सारख्या उंचीची, आणि मधल्यापेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त वर नाहीत. नेट नीट ताणणं हा पंचगिरीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. निम्मे वाद त्या दोरीतच असतात, असं मी तरी म्हणेन.

ब्लॉकच्या बोटाला बॉल लागला की नाही, हे मात्र मला आजही सगळ्यात कठीण वाटतं. आवाज ऐका म्हणतात, पण डीजे चालू असताना कसला आवाज? बोटांकडे बघायचं. बॉल लागला की बोट मागे झुकतं, आणि बॉलची फिरकी किंवा रेष किंचित बदलते. आणि गर्दीकडे कान द्यायचा नाही. "टच! टच!" असं शंभर लोक एका सुरात ओरडले की न दिसलेली गोष्ट दिसल्यासारखी वाटते. एका सरांनी क्लिपचा आवाज बंद करायला लावला आणि स्वतःचं उत्तर बदललं. नंतर म्हणाले, इतकी वर्षं मी प्रेक्षकांच्या डोळ्यांनी बघत होतो की काय!

इथे आपल्या सरांची आठवण काढते. आपल्या संघाला त्यांची शिस्त होती, ब्लॉकला बॉल लागला असेल तर पंचांनी विचारायच्या आधी हात वर करायचा. आपण चिडायचो. फुकटचा गुण का द्यायचा? २०२३ च्या व्हॉलीबॉल नेशन्स लीगमध्ये खेळाडूनं स्वतःहून स्पर्श कबूल केला तर पंच त्याला ग्रीन कार्ड दाखवू लागले. ते टीव्हीवर बघताना मी घरच्यांना म्हटलं, हे तर आमच्या शाळेच्या मैदानावर पंचवीस वर्षांपूर्वी होतं, फक्त कार्ड नव्हतं.

आता मागणं. वर्गणीची यादी फिरते आहे आणि त्यात रंगरंगोटी, वॉटर कूलर वगैरे आहे, ते होऊ द्या. त्याच्या खाली मी आणखी चार ओळी लिहिल्या आहेत. पंचांसाठी एक लोखंडी स्टँड, आपल्यातल्या एकाचा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे, त्यानं तो फुकट करायचं आत्ताच चहाच्या वेळी कबूल केलंय, आता सगळ्यांसमोर नाव न घेता सांगते म्हणजे मागे फिरता येणार नाही. अँटिनाची एक जोडी. उंची मोजायची पट्टी. मोबाइलचे तीन स्टँड. मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात आहेत.

पैशांपेक्षा माणसं हवी आहेत. तालुक्याच्या स्पर्धा वर्षातून मोजके दिवस असतात. तुमच्यापैकी जे गोंदिया, आमगाव, तिरोड्यात राहतात त्यातल्या आठ-दहाजणांनी तीन रविवार दिले तर प्रत्येक सामन्याला दुसरा पंच मिळेल. उडी मारता यायची गरज नाही. गुडघे दुखत असले तरी चालेल. एका जागी उभं राहून बॉलकडे न बघता येणं एवढीच पात्रता. बायकांनी जरूर यावं. मुलींच्या सामन्याला खांबाजवळ एखादी बाई उभी असली की मुली येऊन प्रश्न विचारतात, सरांना विचारत नाहीत. क्लिपांची पेनड्राइव्ह मी मुख्याध्यापक सरांकडे देऊन जाते आहे. खेळाडू मुलींचे चेहरे आम्ही त्यात झाकले आहेत, ते तसेच ठेवायचे.

जेवणानंतर साडेतीनला मैदानावर आपल्या बॅचचा आणि २००३ च्या बॅचचा सामना आहे. नेट मी सकाळीच ताणून घेतलंय. मी दुसरी पंच आहे आणि तिन्ही मोबाइल चालू असतील. ज्यांना आपली उडी पुढच्या वर्षीच्या क्लिपांत नको असेल, त्यांनी नेटपासून लांब, मागच्या रेषेवर उभं राहावं.